निरक्षर कवयित्रीच्या नावाचे विद्यापीठ

जळगावच्या विद्यापीठाच्या प्रत्येक पदवी प्रमाणपत्रावर अशा एका स्त्रीचे नाव असते, जिला लिहिता-वाचता येत नव्हते. १५ ऑगस्ट १९९० रोजी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले. आज जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तीन जिल्हे त्याच्या कक्षेत येतात. २०१८ साली त्याला कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव मिळाले. बहिणाबाईंचा जन्म १८८० साली जळगावजवळच्या असोद्याचा. शाळेची पायरी त्यांनी कधी चढली नाही. शेतात राबता राबता, जात्यावर दळता दळता त्या लेवा बोलीत ओव्या रचत गेल्या. १९५१ साली त्या गेल्या आणि पुढच्याच वर्षी आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह त्यांच्या कविता पुस्तकात आल्या. तेव्हापासून मराठी वाचणाऱ्यांच्या पिढ्यांनी त्या तोंडपाठ केल्या आहेत.

या घटनेत एक मोठे वैज्ञानिक सत्य दडलेले आहे. भाषेवरची हुकमत आणि वाचण्याचे कौशल्य या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. एक शिगेला पोचलेली असताना दुसरी अजिबात नसू शकते. बहिणाबाईंना वाचता न येण्याचे कारण साधे होते, त्यांना कुणी शिकवलेच नव्हते. पण काही मुले अशी असतात की त्यांना शिकवलेले असते, पहिलीपासून बारावीपर्यंत शिकवलेले असते, बुद्धी तल्लख असते, बोलण्यात ती कुणाला हार जात नाहीत, आणि तरीही छापील पान समोर आले की अक्षरे त्यांना दाद देत नाहीत. कायद्याच्या भाषेत याला विशिष्ट अध्ययन अक्षमता म्हणतात. घरी आणि शाळेत लोक ‘एलडी’ म्हणतात. वाचनाची अडचण असेल तर डिस्लेक्सिया, लिहिण्याची असेल तर डिसग्राफिया, गणिताची असेल तर डिसकॅल्क्युलिया. शाळकरी वयातल्या शंभर मुलांमागे पाच ते पंधरा मुलांना यांपैकी काही ना काही असते, असे संशोधक मानतात.

ही मुले मोठी होतात आणि एका जूनमध्ये महाविद्यालयाच्या दारात येऊन उभी राहतात. त्यांच्यासाठीच आखलेले महाविद्यालय कसे असेल? जगात अशी महाविद्यालये खरोखर आहेत. पण त्यांची रचना समजून घ्यायची तर आधी वाचन नावाचा चमत्कार समजून घ्यावा लागतो.

मेंदूने वाचन कुठून आणले?

माणूस लाखभर वर्षांहून अधिक काळ बोलतो आहे. लिपी मात्र जेमतेम पाच हजार वर्षांची. त्यातही सर्वसामान्य माणसे वाचू लागली ती गेल्या शे-दोनशे वर्षांत. एवढ्या थोड्या काळात वाचनासाठी म्हणून मेंदूत एखादा नवा अवयव तयार होणे शक्यच नाही. म्हणून बोलायला मूल घरात ऐकत ऐकत आपोआप शिकते, वाचायला मात्र त्याला शिकवावेच लागते.

मग मेंदू वाचतो कसा? फ्रेंच मेंदूशास्त्रज्ञ स्टानिस्लास देहाने यांनी याचे उत्तर मांडले आहे. चेहरे, वस्तू, झाडे-पाने ओळखण्यासाठी डोळ्यांकडून आलेली चित्रे तपासणारा जो भाग मेंदूत पूर्वापार आहे, त्याचाच डाव्या बाजूचा एक तुकडा वाचायला शिकताना अक्षरांसाठी राखून ठेवला जातो. जगातली कोणतीही लिपी शिका, चिनी असो, अरबी असो की देवनागरी, हा तुकडा जवळपास त्याच जागी सापडतो. भुसावळ जंक्शनवर मुंबईची, नागपूरची, इटारसीची अशा रेल्वेमार्गांची गाठ पडते, तसे याच ठिकाणी डोळ्यांनी पाहिलेले अक्षर, कानाने ओळखलेला ध्वनी आणि मनातला अर्थ एकमेकांना भेटतात. सराईत वाचकाच्या मेंदूत ही भेट सेकंदाच्या एका अंशात उरकते. डिस्लेक्सियात प्रत्येक मार्ग आपापल्या जागी धडधाकट असतो. गाडी बदलायला मात्र फार वेळ लागतो.

हे सगळे बदल किती खोलवर होतात, ते आपल्याच देशात झालेल्या एका संशोधनाने दाखवले. लखनौच्या परिसरातल्या खेड्यांत, आधी एक अक्षरही वाचता न येणाऱ्या प्रौढांना, त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या, सहा महिने देवनागरी वाचायला शिकवले गेले. शिकण्याआधी आणि शिकल्यानंतर त्यांच्या मेंदूची छायाचित्रे घेतली गेली. २०१७ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. बदल मेंदूच्या पृष्ठभागापुरता राहिला नव्हता. थॅलॅमस आणि मेंदूकांड या उत्क्रांतीच्या दृष्टीने अतिशय जुन्या भागांपर्यंत तो पोचला होता, आणि हे भाग दृष्टीच्या केंद्रांशी अधिक जुळवून घेऊन काम करू लागले होते. तिशीतल्या स्त्रिया बाराखडी गिरवतात आणि मेंदूचा तळ हलतो! वाचणे ही इतकी मोठी घडामोड आहे. म्हणूनच काहींच्या मेंदूत ती वेगळ्या वेगाने आणि वेगळ्या वाटेने घडते, याचे आश्चर्य वाटू नये.

पर्सी आणि एक गुणाकार

१८९६ साली प्रिंगल मॉर्गन नावाच्या इंग्लिश डॉक्टरांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एका चौदा वर्षांच्या मुलाची हकीकत लिहिली. पर्सी हुशार होता, खेळात कुणाच्या मागे नव्हता, दृष्टी उत्तम होती. अंक तो भराभर वाचे. पण शब्द समोर आला की अडे. स्वतःचे नाव लिहिताना त्याच्या हातून अक्षरांची अदलाबदल होई. त्याच्या शिक्षकाचे मत डॉक्टरांनी नोंदवून ठेवले आहे: सगळे शिक्षण तोंडी असते तर हा मुलगा शाळेत सर्वांत हुशार ठरला असता.

शंभरहून अधिक वर्षांपूर्वीचे हे निरीक्षण आजही जसेच्या तसे खरे आहे. गॉफ आणि टनमर या दोन संशोधकांनी १९८६ साली त्याला एका सूत्रात बसवले. वाचून समजणे म्हणजे दोन गोष्टींचा गुणाकार: अक्षरांतून शब्द उलगडणे, गुणिले ऐकून समजणे. सूत्र साधे दिसते, पण बेरजेऐवजी गुणाकार घेतल्यामुळे त्यातून फार मोठी गोष्ट उघड होते. ऐकून समजण्याची ताकद कितीही मोठी असली, तरी अक्षरे उलगडणे शून्य असेल तर गुणाकार शून्यच येतो. आणि आपली परीक्षा फक्त गुणाकार पाहते. उत्तरपत्रिकेवर शून्य आले की कोणती संख्या शून्य होती, हे विचारण्याची पद्धत तिच्यात नाही. मुलाला विषयच कळलेला नाही, असे आपण समजून बसतो.

डिस्लेक्सिया असलेला विद्यार्थी एक परिच्छेद वाचतो तेव्हा त्याची बहुतेक शक्ती शब्द उलगडण्यातच खर्ची पडते. वाक्याच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात निसटलेली असते. तोच परिच्छेद त्याला वाचून दाखवा, तो त्यावर तुमच्याशी वाद घालेल, उदाहरणे देईल, मागच्या धड्याशी त्याचा संबंध लावेल. जी संख्या लहान आहे तिला बाहेरून आधार दिला की गुणाकार आपोआप मोठा होतो. या विद्यार्थ्यांसाठी आखलेल्या महाविद्यालयाचे सगळे शास्त्र या एका गोष्टीभोवती उभे आहे.

देवनागरीच्या खाचाखोचा

‘दिवस’ हा शब्द पाहा. उच्चारताना आधी द येतो, मग इ. लिहिताना वेलांटी आधी आणि द नंतर. ‘धर्म’मध्ये र आधी उच्चारतो, पण रफार बसतो पुढच्या म च्या डोक्यावर. ‘क्रम’मध्ये तोच र क च्या पोटात शिरतो, ‘राष्ट्र’मध्ये ट च्या पायाशी येतो आणि ‘वाऱ्या’त आणखी निराळे रूप घेतो. स्वर अक्षराच्या आधी, नंतर, वर, खाली कुठेही बसतात. जोडाक्षरांची संख्या तर शेकड्यांत जाते. इंग्रजीच्या सव्वीस अक्षरांपेक्षा हा पसारा कितीतरी मोठा आहे. भारतीय लिपी शिकणाऱ्या मुलांवर सोनाली नाग यांनी कन्नडमध्ये केलेल्या अभ्यासात, अक्षरे पक्की होण्याचे काम पहिली-दुसरीत संपत नाही, चौथी-पाचवीपर्यंत चालू राहते, असे दिसून आले. मात्र देवनागरीचा एक मोठा गुणही आहे. अक्षर ओळखले की उच्चार बहुतेकदा ठरलेला असतो. इंग्रजीत तसे नाही.

त्यामुळे एकाच विद्यार्थ्याची अडचण दोन भाषांत दोन प्रकारची दिसू शकते. इंग्रजी आणि जपानी या दोन्ही भाषांत वाढलेल्या एका मुलाची नोंद १९९९ साली शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली आहे. इंग्रजी वाचनात त्याला तीव्र डिस्लेक्सिया होता, जपानी वाचनात जवळजवळ काहीच अडचण नव्हती. मराठी माध्यमातून कसाबसा बारावीपर्यंत आलेला मुलगा महाविद्यालयात इंग्रजी पाठ्यपुस्तकांपुढे एकदम कोसळतो, तेव्हा ही नोंद आठवायला हवी. त्याने अभ्यास सोडलेला नसतो. त्याच्यापुढची लिपी बदललेली असते.

आणि लिपी बदलली की चूक म्हणजे काय, हेही बदलते. याचा पुरावा धुळ्यात आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे १९२६ साली धुळ्यातच वारले. त्यांच्या नावाने उभ्या राहिलेल्या संशोधन मंडळात जुनी मोडी कागदपत्रे आहेत. मोडीत लिहिणारा आधी आडवी रेघ ओढून घेई आणि तिला लगडून सलग लिहीत जाई, शब्दांमध्ये जागा न सोडता. इकार आणि उकारांत ऱ्हस्व-दीर्घ असा भेद साधारणपणे मोडीत केलाच जात नसे. मराठी राज्याचा कारभार या लेखनावर चालला, वतने दिली गेली, तह झाले. आज ज्या वेलांटीसाठी आणि उकारासाठी विद्यार्थ्याचे गुण कापले जातात, त्यांतला ऱ्हस्व-दीर्घाचा फरक मराठी बोलताना कानाला बहुतेकदा जाणवतही नाही. तो छापील देवनागरीच्या नियमांत आहे. नियम असावेत, त्यांनी भाषा नीट राहते. पण त्यांत चुकणाऱ्या विद्यार्थ्याच्या बुद्धीबद्दल त्यावरून काहीही सिद्ध होत नाही.

खानदेशात आणखी एक पदर आहे. इथल्या कितीतरी घरांत अहिराणी बोलली जाते. घरी ‘मना’ आणि ‘शे’ म्हणणारे मूल शाळेत ‘माझा’ आणि ‘आहे’ वाचायला शिकते. शिरपूरकडच्या पाड्यांवर पावरा किंवा भिली बोलणाऱ्या मुलांसाठी हे अंतर आणखी मोठे. असे मूल मराठी हळू वाचत असेल तर ते भाषेमुळे की डिस्लेक्सियामुळे? दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत, म्हणून तपासणी मुलाच्या भाषेत व्हायला हवी. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने यासाठी ‘डाली’ नावाचा चाचणीसंच तयार केला. तो हिंदी, कन्नड आणि इंग्रजीबरोबर मराठीतही आहे. इंग्रजीतली चाचणी भाषांतरित करून चालत नाही, कारण वेलांटी आणि रफाराची गंमत इंग्रजीत नाहीच. अहिराणी घरातल्या मुलासाठी तपासणाऱ्याने याच्याही एक पाऊल पुढे जाऊन आधी त्याच्याशी त्याच्या बोलीत गप्पा मारायला हव्यात. दोन्हींतला फरक तिथेच उमगू लागतो.

पटनी गावातले महाविद्यालय

अमेरिकेच्या व्हरमाँट राज्यात पटनी नावाचे छोटे गाव आहे. तिथे विंडहॅम नावाचे एक महाविद्यालय १९७८ साली बंद पडले होते. त्याच्या रिकाम्या आवारात १९८५ साली लँडमार्क कॉलेज सुरू झाले. डिस्लेक्सिया असलेल्या विद्यार्थ्यांना महाविद्यालयीन शिक्षण देणारी ही पहिली संस्था. तिच्या स्थापनेमागे चार्ल्स ड्रेक होते. ते स्वतः डिस्लेक्सियासह वाढलेले शिक्षणतज्ज्ञ, आणि त्याआधी १९७१ साली त्यांनी मॅसॅच्युसेट्समध्ये अशा मुलांसाठी शाळा काढली होती. १९८९ साली फ्लोरिडात पालकांनी एकत्र येऊन बीकन कॉलेज उभे केले, तिथे या विद्यार्थ्यांना चार वर्षांची पदवी मिळू लागली.

ही महाविद्यालये अभ्यासक्रम सोपा करत नाहीत. तत्त्वज्ञान तेच, जीवशास्त्र तेच, निबंधही तेच. बदलतो तो ज्ञान आत येण्याचा आणि बाहेर पडण्याचा मार्ग. वर्ग लहान असतात. पुस्तक वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर प्रत्येकाच्या हाती असते, विद्यार्थी कानाने ऐकतो आणि डोळ्यांनी ओळीमागून ओळ पाहतो. टिपणे कशी काढायची हे गृहीत धरलेले नसते, ते शिकवतात. निबंध लिहायचा असेल तर आधी त्यावर बोलायचे, मग मुद्द्यांचा नकाशा काढायचा, मग एक परिच्छेद, मग दुसरा, आणि प्रत्येक टप्पा शिक्षकाला दाखवायचा. आठवड्याचे काम कसे वाटून घ्यायचे यासाठी मार्गदर्शक असतो, कारण अध्ययन अक्षमता असलेल्या अनेकांना वेळेचे आणि कामाचे नियोजन हीच मोठी अडचण असते. आपला मेंदू कसा शिकतो आणि आपले हक्क कोणते, हाही तिथे अभ्यासाचा विषय आहे. अठरा वर्षांच्या मुलाला आयुष्यात पहिल्यांदा कळते की आपण आळशी नव्हतो आणि मठ्ठही नव्हतो. आपले काय वेगळे आहे याला नाव आहे आणि त्यावर उपायही आहेत.

मला यातली सर्वांत मोठी गोष्ट वाटते ती वेगळीच. इतर महाविद्यालयांत विद्यार्थ्याला सवलत मागावी लागते, कागद दाखवावा लागतो, वर्गासमोर वेगळे पडावे लागते. पटनीत ती सोय सर्वांसाठी मुळातच असते, त्यामुळे वेगळे असे कुणीच पडत नाही. सवलत हा शब्दच तिथे मागे पडतो आणि ती नुसती शिकवण्याची पद्धत होते.

याची दुसरी बाजूही आहे. अमेरिकेतल्या सर्वांत महागड्या महाविद्यालयांत लँडमार्कची गणना झालेली आहे, आणि तिथे शिकणारे विद्यार्थी काही शेच. पारोळा किंवा साक्री तालुक्यातल्या मुलाला त्या वाटेने जाता येणार नाही. पण त्या चार भिंतींच्या आत जे घडते त्यातले बहुतेक काही आपल्या जिल्ह्यातल्या महाविद्यालयांत आणता येते. आणि आपल्या कायद्याने त्यासाठी दार उघडून ठेवले आहे.

कायद्याने काय दिले?

या बाबतीत महाराष्ट्र देशात बराच पुढे होता. १९९६ पासूनच राज्य सरकारने अध्ययन अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यांना बोर्डाच्या परीक्षांत सवलती द्यायला सुरुवात केली: जादा वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांकडे दुर्लक्ष, एखाद्या भाषेतून सूट, दहावीला बीजगणित-भूमितीऐवजी खालच्या इयत्तेचे अंकगणित. त्याच वर्षी मुंबईत महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन स्थापन झाली. शीव रुग्णालयात या मुलांच्या तपासणीचे काम उभे राहिले. २००७ साली ‘तारे जमीन पर’ने हा विषय घराघरांत नेला. पण १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात अध्ययन अक्षमतेचा उल्लेखही नव्हता, त्यामुळे बारावीनंतर मुलाच्या हातात फारसे काही उरत नसे.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ ने ही पोकळी भरली. एकवीस दिव्यांगत्वांच्या यादीत विशिष्ट अध्ययन अक्षमता आली. जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट अशा तरतुदी कायद्यातच नमूद झाल्या. चाळीस टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असेल तर सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान पाच टक्के जागा राखीव, वयाच्या अटीत पाच वर्षांची सूट. २०१८ साली केंद्र सरकारने प्रमाणपत्राची रीतही ठरवून दिली: तपासणी आठव्या वर्षी, पुन्हा चौदाव्या वर्षी आणि शेवटची अठराव्या वर्षी. अठराव्या वर्षी मिळालेले प्रमाणपत्र आयुष्यभर चालते. महाविद्यालयात पाऊल टाकणाऱ्या मुलासाठी हे वय फार मोलाचे आहे. अनेक घरांत दहावी-बारावीला सवलत मिळाली की कागद कपाटात जातो आणि अठराव्या वर्षीची तपासणी राहून जाते.

लेखी परीक्षांसाठी केंद्राने त्याच वर्षी मार्गदर्शक तत्त्वे काढली. तासाला किमान वीस मिनिटे भरपाई वेळ, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास जादा. २०२१ च्या फेब्रुवारीत, हाताने लिहिण्यात अडचण असलेल्या एका उमेदवाराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की लेखनिकाचा हक्क चाळीस टक्क्यांच्या रेषेवर अडवून ठेवता येणार नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरात महाराष्ट्रातल्या एका विद्यार्थिनीचे प्रकरण निकाली निघाले. तिला डिसग्राफिया होता आणि वैद्यकीय प्रवेश परीक्षेत तिला हक्काचा जादा तास दिला गेला नव्हता. पुन्हा परीक्षा घेण्याचा आदेश न्यायालयाने दिला नाही, पण तिच्यावर अन्याय झाला हे मान्य केले आणि त्याचे परिमार्जन कसे करायचे ते ठरवा, असे परीक्षा घेणाऱ्या संस्थेला बजावले. हक्क कागदावर असून भागत नाही. परीक्षेच्या खोलीत उभ्या असलेल्या माणसाला तो माहीत असावा लागतो.

खानदेशचा सर्वांत मोठा लेखनिक

लेखनिक घेणे म्हणजे दुसऱ्याच्या जिवावर पास होणे, असे म्हणणारी माणसे आजही भेटतात. त्यांच्यासाठी उत्तर याच मातीत आहे. बहिणाबाई रचत गेल्या, आणि त्यांचा मुलगा सोपानदेव व घरातलेच एक नातेवाईक ते कागदावर उतरवून ठेवत गेले. ती बाडे सोपानदेवांनी पुढे अत्र्यांना दाखवली. सोपानदेव स्वतः नावाजलेले कवी होते. तरीही त्या कविता बहिणाबाईंच्याच म्हणून ओळखल्या जातात. विचार आईचा, भाषा आईची, नजर आईची. मुलाने फक्त हात दिला. तो हात नसता तर आज मराठीकडे ही कविता नसती.

परीक्षेत शेजारी बसलेला लेखनिक हेच करतो. उत्तर विद्यार्थ्याचे असते. लेखनिक त्याचा शब्द कागदापर्यंत पोचवतो.

असे हात नसल्यामुळे किंवा चाळणीच चुकीची असल्यामुळे जगाने काय गमावले असते, याचा अंदाज कॅरल ग्रायडर यांच्यावरून येतो. त्यांना डिस्लेक्सिया आहे. अमेरिकेत पदव्युत्तर प्रवेशासाठी घेतल्या जाणाऱ्या परीक्षेत त्यांचे गुण कमी आले, आणि मोजक्याच विद्यापीठांनी त्यांना दार उघडले. त्यांत बर्कली होते. तिथे १९८४ साली, एलिझाबेथ ब्लॅकबर्न यांच्या प्रयोगशाळेत शिकत असताना, त्यांना टेलोमरेज हे विकर सापडले. २००९ साली त्या शोधाला नोबेल मिळाले. डिस्लेक्सिया असलेला प्रत्येक जण नोबेल मिळवणार नाही, आणि तशी अपेक्षा ठेवणे हाही मुलावर अन्यायच. पण वेगाने वाचण्याच्या चाळणीतून कोण गळून पडते आहे, हे पाहण्याची जबाबदारी चाळणी लावणाऱ्यांची आहे.

जळगाव-धुळ्यात काय करता येईल?

जळगावात एक मोठे उदाहरण डोळ्यांसमोर आहे. यजुर्वेंद्र महाजन यांनी उभ्या केलेल्या दीपस्तंभ फाउंडेशनच्या ‘मनोबल’ प्रकल्पात दृष्टिबाधित, अस्थिव्यंग असे तरुण एकत्र राहून उच्च शिक्षणाची आणि स्पर्धा परीक्षांची तयारी करतात. दिव्यांगत्व वेगळे आहे, पण मूळ विचार तोच आहे: विद्यार्थ्याला रचनेत कोंबण्यापेक्षा रचना त्याच्याभोवती आखायची. दृष्टिबाधित विद्यार्थ्यासाठी पुस्तक ऐकण्याची जी सोय होते, तीच सोय डिस्लेक्सिया असलेल्या विद्यार्थ्याला जशीच्या तशी उपयोगी पडते.

त्यासाठी पटनीइतका पैसा लागत नाही. मराठी मजकूर वाचून दाखवण्याची आणि मराठीत बोललेले टंकलिखित करण्याची सोय आता साध्या मोबाईलमध्ये आहे. अडते ते वेगळ्याच ठिकाणी. प्राध्यापकांच्या नोट्स झेरॉक्सवरून फोटो काढून ग्रुपवर टाकलेल्या असतात, तिरप्या, पुसट, कडा कापलेल्या. असा फोटो मोबाईलला धड वाचता येत नाही. तीच टिपणे युनिकोडमध्ये टाईप करून दिली तर विद्यार्थी ती बसमध्ये, शेतावर, रात्री झोपण्यापूर्वी ऐकू शकतो. तासाचे ध्वनिमुद्रण करायला परवानगी द्या, त्याला टिपणे काढण्याच्या धडपडीत तास गमवावा लागणार नाही. अंतर्गत गुणांसाठी लेखी चाचणीबरोबर तोंडी परीक्षेचा पर्याय ठेवा. फळ्यावरचे उतरवून घ्यायला लावण्यापेक्षा समजले का ते विचारा.

लेखनिक शोधणे हे विद्यार्थ्याच्या घरच्यांचे काम राहू नये. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात ओळखीपाळखीत फोन करत फिरणारे वडील हे चित्र बदलता येते. महाविद्यालयाने लेखनिकांची यादी तयार ठेवावी. राष्ट्रीय सेवा योजनेतली मुले श्रमदान करतात, झाडे लावतात. ती लेखनिक आणि वाचकही होऊ शकतात. केंद्राच्या मार्गदर्शक तत्त्वांनी परीक्षा घेणाऱ्या संस्थांना अशी यादी ठेवायला सांगितलेच आहे. परीक्षा केंद्रावरच्या पर्यवेक्षकांना भरपाई वेळेचा नियम आधीच लेखी द्यावा, म्हणजे पेपर सुरू असताना विद्यार्थ्याला उभे राहून आपला हक्क समजावून सांगावा लागणार नाही.

आणि ज्यांच्याकडे प्रमाणपत्र नाही त्यांचे काय? खेड्यातून आलेल्या, मराठी माध्यमात शिकलेल्या अनेक मुलांची तपासणी कधी झालेलीच नसते. एफवायला एटीकेटी, एसवायला बॅकलॉग, आणि मग एक दिवस कॉलेज बंद, असा त्यांचा प्रवास होतो. घरचे म्हणतात, अभ्यासात डोकेच नव्हते. अशा मुलांसाठी सर्वांत महत्त्वाचा माणूस म्हणजे तासाला शिकवणारा प्राध्यापक. वर्गात बोलताना चमकणारा आणि उत्तरपत्रिकेत हरवणारा विद्यार्थी दिसला की त्याला बाजूला बोलवा, पुस्तकातले एक पान मोठ्याने वाचायला लावा, मग तेच पान तुम्ही वाचून दाखवा आणि प्रश्न विचारा. दोन्हींतली तफावत मोठी असेल तर त्याला तपासणीसाठी पाठवा. त्या दहा मिनिटांत एका मुलाची पदवी वाचू शकते.

वर सांगितलेली प्रत्येक सोय उरलेल्या वर्गालाही उपयोगी पडते. टाईप केलेली टिपणे सर्वांना हवी असतात. तोंडी परीक्षेत ग्रामीण मुले खुलतात. टप्प्याटप्प्याने लिहायला शिकवले की सगळ्यांचेच निबंध सुधारतात. अहिराणी घरातून येऊन मराठी-इंग्रजीशी झगडणाऱ्या मुलीला ध्वनिमुद्रित तास जितका आधार देईल, तितका आणखी कशाने मिळणार नाही. म्हणून हा विषय फक्त पाच-दहा मुलांचा म्हणून बाजूला ठेवू नये.

येत्या प्रवेशाच्या वेळी तीनही जिल्ह्यांतल्या महाविद्यालयांनी अर्जात एकच प्रश्न वाढवावा: वाचताना, लिहिताना किंवा हिशेब करताना तुम्हाला अडचण येते का, आणि आम्ही काय केले तर ती कमी होईल? उत्तर देण्यासाठी प्रमाणपत्राची सक्ती नको. अक्षरे दाद देत नसताना ही मुले बारावीपर्यंत पोचली आहेत. चिकाटी म्हणजे काय हे त्यांना कुणी शिकवायला नको. पुढचे काम आता महाविद्यालयांनी करायचे आहे.